बिडीचा खोकला म्हणून सोडून देऊ नका: सीओपीडी ओळखणं, तपासणं आणि सांभाळणं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्याला १७ पायऱ्या आहेत. दहाव्या पायरीजवळ भिंतीवर विजेचं मीटर आहे. बाबा वर येताना तिथे थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवून आकडे निरखायचे. "काय झालं बाबा?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "काही नाई बेटा, मीटर पाहून राहिलो." दोन वर्षं मला ते खरं वाटत होतं. मग एका संध्याकाळी लाइट गेलेली असताना ते अंधारात त्याच मीटरकडे बघत उभे दिसले, एक हात भिंतीला टेकलेला.

अठराव्या वर्षापासून बिडी आणि मिलमधली कापसाची धूळ. सीओपीडीचं निदान झालं तेव्हा बाबा ६३ वर्षांचे होते. त्याआधी दोन वर्षं एका दवाखान्यातून दर हिवाळ्यात खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक आणत होतो. फुंकून बघायची साधी टेस्ट कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं चेस्ट ओपीडीच्या रांगेत आणि घरी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. औषधाचं नाव आणि मात्रा मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आधी आजार समजून घ्या

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार. यात दोन गोष्टी कमी-जास्त प्रमाणात एकत्र असतात. एक म्हणजे जुनाट ब्राँकायटिस: सलग दोन वर्षं, दर वर्षी किमान तीन महिने कफाचा खोकला. दुसरी एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती विरून जाणं.

धूर नेमकं काय करतो? श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिशय सूक्ष्म केस असतात. ते अखंड हलत राहतात आणि धूळ-कफ वर घशाकडे लोटतात, झाडूवाल्यासारखे. बिडी-सिगरेटचा धूर या केसांना लुळं करतो आणि त्याच वेळी कफ वाढवतो. म्हणजे कचरा दुप्पट आणि झाडूवाला रजेवर. मग उरतो खोकला. सकाळी उठल्या उठल्या येणारा, बेडका पडेपर्यंत न थांबणारा तो खोकला म्हणजे रात्रभर साचलेल्या कफाला वर ढकलायची शरीराची धडपड. आपण त्याला 'बिडीचा खोकला' म्हणतो आणि विषय संपवतो.

दुसरं नुकसान आवाज न करता होतं. धुराशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी असे रस सोडतात की फुप्फुसाची लवचीकता देणारे तंतूच त्यात विरघळतात. जुन्या मोज्याचं इलॅस्टिक गेलं की तो पायावर थांबत नाही. तसं फुप्फुस ताणलं जातं, पण परत आवळत नाही. त्यामुळे या आजारात खरी अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकते आणि नवीन हवेला जागा उरत नाही.

हे अंगावर कळायला हवं असेल, आणि तुम्हाला स्वतःला हृदय-फुप्फुसाचा त्रास नसेल, तर एक करून बघा. छाती पूर्ण भरून श्वास घ्या. त्यातला अगदी थोडा सोडा आणि त्यावरच पुन्हा घ्या. असे दहा श्वास. सातव्या-आठव्याला जीव कासावीस होतो. मी हे केलं त्या दिवसापासून बाबांना "भरभर चला ना" म्हणणं बंद केलं.

दमा आणि सीओपीडी एक नव्हे. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. सीओपीडी चाळिशीनंतर दिसतो आणि दरवर्षी थोडा थोडा वाढतो. काहींना दोन्ही असतात.

आणि हो, बिडी न ओढणाऱ्यांनाही होतो. काटोलकडच्या आमच्या आत्याने आयुष्यात बिडी हातात धरली नाही. ४० वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली, तेवढं पुरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांमागे धूम्रपान आहे. आपल्यासारख्या देशांत ते प्रमाण ३० ते ४० टक्के आहे, बाकीचा मोठा वाटा घरातल्या धुराचा. २०२१ साली जगात या आजाराने सुमारे ३५ लाख माणसं गेली.

घरी अंदाज घ्या

चाळिशी ओलांडलेली आहे, धूर पोटात गेलेला आहे, आणि खालीलपैकी काहीही असेल तर टेस्ट करायची. बरोबरीच्या माणसासोबत सपाट रस्त्यावर चालताना मागे पडणं. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबणं. सर्दी झाली की ती छातीत उतरून तीन-तीन आठवडे राहणं. आणि बहाणे. मीटर बघणं, चपलेचा पट्टा नीट करणं, पानठेल्यावर उगाच कोणाशी बोलत थांबणं. बाबांनी आधी गांधीसागर तलावावरची सकाळची फेरी सोडली, मग "तिथं आता गर्दी फार" असं सांगितलं. माणूस दम लागू नये म्हणून हळूहळू आयुष्यच आखडतं घेतो आणि मग म्हणतो, मला तर दम लागतच नाही.

धुराचा हिशेब कागदावर मांडा. रोजच्या बिड्या किंवा सिगरेटी गुणिले वर्षं. आपल्याकडचे डॉक्टर याला स्मोकिंग इंडेक्स म्हणतात. ३०० च्या वर गेला की जड मानतात. बाबांचा रोजच्या १५ बिड्यांच्या हिशेबाने ६७५ निघाला. ते म्हणाले, "बिडी तं लहान असते." लहान असते खरी, तंबाखूही सिगरेटपेक्षा कमी असतो, पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, ती विझू नये म्हणून सारखे आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटच्या तोडीचं, किंबहुना जास्त जातं. ज्या भागातून हे पान मे महिन्याच्या उन्हात तोडून येतं, त्या गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या इतक्या जवळ राहून आपल्याला बिडी निरुपद्रवी वाटते, याचं मला नवल वाटतं.

थुंकीत रक्त, विनाकारण वजन उतरणं, किंवा बोटांची नखं फुगीर-गोलसर होणं यातलं काही दिसलं तर थांबू नका. ही सीओपीडीची नेहमीची लक्षणं नव्हेत. कॅन्सर किंवा टीबी आहे का ते बघावं लागतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

फुंकायची टेस्ट

हिचं नाव स्पायरोमेट्री. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे छातीच्या आजारांचा विभाग आहे. खासगी चेस्टवाल्या डॉक्टरांकडेही होते. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून ही टाळू नका. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच असतो.

जायच्या आधी: दोन तास पोटभर जेवण नको, निदान तासभर बिडी नको, कपडे सैल. इन्हेलर चालू असेल तर किती तास आधी बंद ठेवायचा ते फोन करून विचारा. नुकताच हार्ट अटॅक, मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा थुंकीत रक्त असं काही झालेलं असेल तर आधीच सांगा, तारीख पुढे ढकलतात.

तिथे नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरायची, ओठ नळीभोवती घट्ट, आणि एकदम जोरात फुंकून किमान सहा सेकंद फुंकतच राहायचं. टेक्निशियन "अजून, अजून, अजून" असं ओरडतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तीनदा तरी करवतात. मग श्वासनलिका उघडणारं औषध देऊन साधारण १५ मिनिटांनी पुन्हा तेच. अर्धवट फुंकलं तर रिपोर्ट कवडीमोलाचा, म्हणून आदल्या दिवशी घरी मेणबत्तीसमोर लांब फुंकर मारायचा सराव करून घेतला तर बरं.

रिपोर्टवर आकड्यांचं जंगल असतं. त्यातले दोनच शोधा. पूर्ण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली ते गुणोत्तर. औषध दिल्यानंतरही ते ०.७० च्या खाली असेल तर नलिका कायमच्या अरुंद आहेत. दुसरा आकडा, पहिल्या सेकंदातली हवा तुमच्या वय-उंचीच्या निरोगी माणसाच्या किती टक्के. ८० किंवा वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० च्या खाली अतितीव्र. बाबांचं गुणोत्तर ०.५२ आणि टक्के ४६. पहिल्या सेकंदातली हवा सव्वा लिटर.

तो कागद जपून ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होणार आहे.

बिडी सोडणं

गेलेलं फुप्फुस परत येत नाही. हे ऐकून बाबा म्हणाले, "मंग आता सोडून काय फायदा?" याचं उत्तर आकड्यात आहे, म्हणून देते. प्रत्येक माणसाची पहिल्या सेकंदातली हवा तिशीनंतर दरवर्षी २५-३० मिलिलिटरने घटतेच. अमेरिका आणि कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीने सौम्य-मध्यम सीओपीडी असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षं माग काढला. ओढत राहिलेल्या पुरुषांची घट वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटर, सोडून दिलेल्यांची सुमारे ३०. म्हणजे सोडणाऱ्याची उतरण जवळजवळ निरोगी माणसाइतकी होते. दहा वर्षांत फरक ३६० मिलिलिटर. सव्वा लिटर शिल्लक असलेल्या माणसाला हा पेला-दीड पेला हवा म्हणजे स्वतःच्या पायाने संडासला जाणं की न जाणं.

"आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. सगळ्यांना सीओपीडी होत नाही, बरोबर आहे. पण तुमच्या हातात ज्याचा ०.५२ चा रिपोर्ट आहे, तो त्या आजोबांसारखा नाही हे ठरून गेलेलं आहे.

आता करायचं कसं. येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. लग्नकार्याचा, तेरवीचा दिवस नको. तोवर प्रत्येक बिडी कधी आणि कशासोबत ते लिहा. बाबांच्या कागदावर तीन पक्क्या बिड्या निघाल्या: उठल्यावरची, संडासची आणि टपरीवरच्या चहासोबतची. बाकीच्या नुसत्या हाताच्या सवयीच्या. "बिडीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार थट्टेवारी नेऊ नका, निकोटीन खरंच आतडी हलवतं. कोमट पाणी, रात्री पपई किंवा इसबगोल, आणि ठरल्या वेळी बसणं. आठ-दहा दिवसांत घडी बसते. टपरीचा चहा महिनाभर बंद, चहा घरी.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर निकोटीनची सवय खोल आहे, नुसत्या निश्चयावर सोडू नका. निकोटीनचं च्युइंग गम दोन आणि चार मिलिग्रॅमचं मिळतं. अशांना बहुतेकदा चारचं लागतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या. गम शेंगदाण्यासारखा चावून खायचा नसतो. चार-पाचदा चावा, तिखट झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा. अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन शोषलं जात नाही. गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन. त्या डॉक्टरांनी ठरवायच्या. बोलायला माणूस हवा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. तलफ मात्र काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. बाबा तेव्हा मटारच्या शेंगा सोलत बसत; त्या डिसेंबरात आम्ही रोज मटार खाल्ला. काही आठवडे खोकला आणि कफ वाढतो. घाबरू नका, झाडूवाले कामावर परतले आहेत.

एक-दोन पळवाटा इथेच बंद करते. बिड्या कमी करणं पुरत नाही, कारण माणूस उरलेल्या बिडीचे झुरके खोल घेतो. ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे. आणि आपल्या नागपूरची खास पळवाट म्हणजे खर्रा. बिडी सुटली म्हणून पेढे वाटले आणि पंधरा दिवसांनी शर्टाच्या खिशात पन्नीची पुडी सापडली, हे आमच्या शेजारी घडलंय. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो लगदा फुप्फुसाला नाही, पण तोंडाला खातो. जबडा उघडेनासा होतो, कॅन्सर होतो, आणि निकोटीनची सवय जिवंत राहते, म्हणजे बिडीकडे परतायचा रस्ता उघडाच.

घरच्यांसाठी: खिसे तपासू नका. एखादी ओढली गेली तर मागचे चाळीस दिवस वाया गेले असं बोलू नका. बाबांची चौथ्या प्रयत्नात सुटली.

इन्हेलर: पैसे औषधाचे, काम पद्धतीचं

"पंपाची सवय लागते" हे डोक्यातून काढा. इन्हेलरमुळे औषध थेट नलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. सवय नाही लागत, गरज असते.

पहिल्या महिन्यात बाबांना काही फरक पडेना. एक दिवस मी त्यांना घेताना पाहिलं. कॅप्सूल यंत्रात घातली, फिरवली, तोंडाला लावली आणि त्यात जोरात फुंकर मारली. समोरच्या आरशावर पांढरी पूड. महिनाभराचं औषध आरशाने घेतलं होतं.

पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर: कॅप्सूल गिळायची नाही, यंत्रातच घालायची. श्वास बाहेर सोडताना यंत्र तोंडापासून लांब. मग ओठांत धरून जोरात आणि खोल आत ओढा, दहापर्यंत मोजत श्वास रोखा. कॅप्सूलमध्ये पूड उरली असेल तर पुन्हा ओढा.

दाबायचा पंप असेल तर उलटं. हलवा, श्वास सोडा, दाबा आणि हळूहळू ओढा, दहापर्यंत थांबा, दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. वयस्कर माणसाला दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती प्लास्टिकची नळकांडी, घ्याच. साबणाच्या पाण्यात धुऊन तशीच वाळू द्या. फडक्याने पुसली की वीज धरते आणि औषध भिंतींना चिकटतं.

स्टेरॉइड असलेला इन्हेलर घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. रोजचा इन्हेलर दम नसतानाही रोज घ्यायचा; तातडीचा वेगळा असतो. आमच्या घरी रोजच्याला हिरवा आणि तातडीच्याला लाल दोरा बांधला आहे. प्रत्येक भेटीत इन्हेलर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

बिघडलं तर

तीन गोष्टी बघायच्या: नेहमीपेक्षा दम जास्त, कफ जास्त, कफाचा रंग पिवळा-हिरवा. यातल्या दोन दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर. घरातलं मागचं अँटिबायोटिक काढून देऊ नका. असा प्रत्येक झटका फुप्फुसातला थोडा हिस्सा कायमचा नेऊ शकतो. म्हणून दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून.

वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय: १०८ ला फोन. करोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. पाच मिनिटं बसल्यावर, बोट गरम करून, मेंदी-नेलपॉलिश नसलेल्या नखावर बघा.

ऑक्सिजनचं मशीन दम लागतो म्हणून आणायचं नसतं. शांत बसलेल्या अवस्थेत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली असल्याचं डॉक्टरांनी खात्रीने ठरवलं, तरच दिवसाला १५ तासांहून जास्त लावायचं. प्रवाहाचा आकडा स्वतः वाढवू नका. सीओपीडीत सहसा ८८ ते ९२ पुरे असतं. ९९ च्या हव्यासापायी शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस झोपेतच बेशुद्धीकडे सरकतो. त्या खोलीत उदबत्ती, समई, बिडी काहीही पेटवायचं नाही.

नागपूरचे ऋतू

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर जाऊ नका, ऊन पडल्यावर जा, नाक-तोंडावरून मफलर. शेकोटीपासून लांब. उन्हाळ्यात कूलर लावायच्या आधी ताट्या बदला आणि टाकी घासा. वर्षभराच्या बुरशीची पहिली झुळूक थेट छातीत जाते. दिवाळीचे दोन दिवस खिडक्या बंद. तान्ह्या पोळ्याला, रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबत या पुतळ्याच्या मिरवणुकीत, "खांसी-खोकला घेऊन जा गे मारबत" म्हणायला बाबांना अजून खाली जायचं असतं. मिरवणूक बघायची, पुतळे जाळायच्या आधी घरी.

घर आणि चालणं

दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायांचे स्नायू सुकतात आणि तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. रोज सपाटीवर चाला, बोलता येईल इतक्या वेगाने, दम लागला की थांबून पुन्हा. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. पोट तट्ट भरलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो. वरण, अंडी, दही रोज हवं. सावजी महिन्यातून एकदा आणि तेही दुपारी.

ओठांची फुंकर शिकवा. नाकाने श्वास, मनात दोन मोजत. मग शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून चार मोजत सोडायचा. याने नलिका थोडा वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. चढताना सोडायचा, पायरीवर थांबून घ्यायचा.

न्हाणीघरात बसायला स्टूल, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर, जिन्याला कठडा. आमच्याकडे दहाव्या पायरीवर, मीटरच्या खाली, प्लास्टिकचं एक निळं स्टूल ठेवलंय. बाबा तिथे बसतात, चार मोजत फुंकर सोडतात, आणि उरलेल्या सात पायऱ्या चढतात.